डाव्या खांद्यातला आवाज

नवीन नर्स आली की मी मुद्दाम डावा हात पुढे करते. वाईट खोड आहे, मान्य. पण या वयात करमणूक तरी दुसरी काय उरली? ती बिचारी दंडाला पट्टा बांधते, फुगा दाबते, कानाला नळी लावते, पुन्हा फुगा दाबते. मग पट्टा सोडून मनगटावर बोटं ठेवते. जरा इकडं, जरा तिकडं. मग हळूच माझ्या तोंडाकडे बघते. मी डोळे टक्क उघडे ठेवून तिच्याकडेच बघत असते. तिचा चेहरा पुरता उतरला की मी उजवा हात पुढे करते अन् म्हणते, घे बाई, या हाताला जिवंत आहे मी.

लेक सोबत असली की रागावते. काहून घाबरवून राहिली तिला, म्हणते. ही थट्टा तिला मुळीच खपत नाही. का खपत नाही ते तिचं तिलाही सांगता येत नाही. मला येतं, म्हणून लिहून ठेवते.

मी लग्न होऊन वर्ध्याकडून जबलपूरला आले. आमचे हे संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत होते, लोखंड कातायच्या यंत्रावर. त्याला तिकडं खराद म्हणतात. फॅक्टरीच्या वस्तीत दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. मागं अंगण, अंगणापलीकडे काळे दगड, अन् दगडांपलीकडे फॅक्टरीची लांबच लांब भिंत. त्या भिंतीतून दिवसरात्र आवाज यायचा. भोंगा झाला की एक पाळी बाहेर, दुसरी आत, आवाज मात्र तोच. घूं... घूं... घूं... असा, मध्येच दम घेतल्यासारखा. लांब मैदानात तोफ तपासायला उडवली की मांडणीतली भांडी वाजायची. आधी आधी मी दचकायची, सासूबाई हसायच्या. पुढं इतकी सवय झाली की आवाज आहे याचंच भान राहिलं नाही.

घरात सासूबाई अन् सासरे. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची, आमच्याकडे तसंच म्हणतात. मामाजी रेल्वेतून निवृत्त झालेले, पण वस्तीत त्यांचं नाव होतं ते नाडीमुळं. त्यांच्या वडिलांकडून आलेली विद्या. सकाळी ओट्यावर बसले की मराठी, हिंदी, बंगाली, सगळ्या क्वार्टरांतली माणसं मनगट घेऊन हजर. मामाजी डोळे मिटून तीन बोटं ठेवायचे अन् पित्त किती, वात किती, काल रात्री काय खाल्लं, सगळं सांगायचे. पैसा घेत नसत. पुरुषाचा उजवा हात बघायचा अन् बाईचा डावा, हा नियम. बाई उजवा हात पुढे करून बसली तर नुसती मान हलवायचे, की ती गुपचूप हात बदलायची. माझी नाडी बघायची वेळ आली की आणखी एक अडचण होती. सुनेच्या हाताला सासऱ्यानं हात कसा लावायचा? म्हणून मी पदराचं टोक मनगटावर घ्यायची, मामाजी पदरावरून बोटं टेकवायचे अन् लगेच उचलायचे. तेवढ्यात त्यांना कळत असे. निदान कळतं असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

लेक झाली अन् माझी तब्येत ढासळली. संध्याकाळी कणकण, अंगात ताकद नाही, जेवण जात नाही. सासूबाई म्हणाल्या, सुवारोग आहे, बाळंतपणात वारा लागला. त्यांनी डिंक घातला, हळीव घातले, शेक दिला. माया होती हो त्यांची, उगाच खोटं का सांगू. पण बरं काही वाटेना. त्यात डावा हात बिघडला. आधी बोटांना मुंग्या, मग करंगळी अन् तिच्या शेजारचं बोट बधिर. वेणी घालायला हात वर केला की खाली पडायचा, जड होऊन. दुधाचं पातेलं दोनदा सुटलं. एकदा मी चुलीशी बसून भाकरी उलटत होते. काहीतरी जळाल्याचा वास आला. भाकरी बघितली, ती ठीक. पदर बघितला, तोही ठीक. मग खाली बघितलं तर माझी करंगळी तव्याला टेकलेली होती. मला काहीच कळलं नव्हतं. मी ते बोट बघत बसले, दुसऱ्या कोणाचं असावं तसं. सासूबाईंना सांगितलं नाही.

पोरगी मात्र सुखात होती. ती माझ्या डाव्याच खांद्यावर झोपायची. उजव्यावर घेतलं की रडून आकांत. डाव्यावर घेतलं की गळ्यापाशी, हाडाच्या वरच्या खळगीत कान रुतवायची अन् बघता बघता गाढ. सासूबाई म्हणायच्या, खोडकर आहे, बापावर गेली. हात दुखायचा, तरी मी तिला तिकडंच घ्यायची. आई झाल्यावर हाताचं कोण बघतं?

मग पासष्ट साली लढाई लागली अन् आमची वस्ती बदलून गेली. यांना ओव्हरटाइम सुरू झाला. गेटाच्या आत गेले की कधी येतील याचा नेम नाही. संध्याकाळ झाली की सगळीकडे अंधार करायचा. रस्त्यावरच्या दिव्यांना टोपडी घातली, खिडक्यांना काळा कागद. एवढीशी फट राहिली तरी रस्त्यावरून शिट्टी वाजायची अन् कोणीतरी ओरडायचं, बत्ती बुझाओ. सगळी घरं आंधळी होऊन बसायची, अन् त्या अंधारात फॅक्टरीचा आवाज दुप्पट वाटायचा. शेजारची हिंदी वहिनी म्हणायची की या दिवसांत दिवेलागणीला बाहेर बसू नये, लढाईत गेलेले जीव वाट चुकून फिरतात. मी हसायची तिला.

एका संध्याकाळी स्वयंपाकघराच्या वरच्या झरोक्याचा कागद सुटला. घरात उंच माणूस मीच. स्टुलावर चढले, खळ लावली अन् दोन्ही हात वर करून, मान मागे टाकून कागद दाबत राहिले. डावा हात जड झाला. दाबत राहिले. मग झरोका गोल फिरला अन् सगळं काळं झालं.

पुढचं मला नंतर कळलं ते असं. मी खाली कोसळले, आवाज ऐकून सासूबाई धावल्या. मला हाका मारल्या, मी ओ देईना. दिवा लावायची सोय नाही. मामाजींनी अंधारात चाचपडत माझा डावा हात शोधला, मनगटावर पदर ओढला अन् बोटं ठेवली. या खेपेला लगेच उचलली नाहीत. बराच वेळ ठेवली. मग हात खाली ठेवून म्हणाले, "गेली."

मला जाग आली तेव्हा पाठीखाली गार फरशी होती अन् उशाशी झाकून ठेवलेला मिणमिणता दिवा. तोंडात काहीतरी पाला होता अन् ओठांवरून पाणी कानाकडे ओघळत होतं. कोणीतरी दबक्या आवाजात रडत होतं. मामाजींचं रामनाम चाललं होतं. तुळस कळली, नर्मदेच्या पाण्याची चव कळली. देवघरात तांब्याची कुपी असायची, त्यातल्या पाण्याची. घरात कोणीतरी गेलं एवढं मला समजलं. मामाजी तर बोलून राहिले, मग सासूबाई की काय, असं वाटलं. कोण गेलं ते बघायला मी उठून बसले.

बाप्पा रे. ती शांतता मी आयुष्यात विसरणार नाही. मामाजींचं रामनाम अर्ध्यात तुटलं. शेजारची वहिनी किंचाळली नाही, काही नाही, नुसती मागं सरकत सरकत दारातून निघून गेली. सासूबाई पोरीला छातीशी घेऊन भिंतीला जाऊन लागल्या. माझ्याकडे बघून पोरीनं दोन्ही हात पुढे केले. मीही केले. सासूबाईंनी तिला पदराखाली झाकलं.

मी म्हटलं, अहो, काय झालं, कोण गेलं? माझे पाय दक्षिणेला केलेले आहेत हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

हे सकाळी आले. त्यांना ओट्यावरच सगळं सांगण्यात आलं. आत येऊन माझ्यासमोर उकिडवे बसले, कपाळाला हात लावून बघितला, मग डावा हात धरला. तो गार पडलेला होता, नेहमीच असायचा. त्यांनी सोडून दिला अन् म्हणाले की म्हाताऱ्यांचं मनावर घेऊ नको, चार दिवसांत विसरतील. चहा प्याले अन् झोपले. पण रोज माझ्याकडे तोंड करून झोपणारा माणूस त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून झोपला. मी बघितलं.

चार दिवसांत कोणी विसरलं नाही. मी गेले अन् परत आले ही गोष्ट वस्तीभर झाली. परत येण्यात वाईट काय, असं तुम्ही म्हणाल. परत आलेल्या माणसाचं त्या भागात एक शास्त्र होतं. वहिनीनं दाराआडून सासूबाईंना सांगितलं ते मी ऐकलं. खाली घर में कभी-कभी कोई और घुस जाता है, माँजी. म्हणजे जीव गेला की रिकाम्या अंगात दुसरंच कोणी शिरतं. अन् त्यात मामाजींची भर. ते रोज सकाळी माझा हात मागायचे. मी पदर घ्यायची, डावं मनगट पुढे करायची. ते डोळे मिटायचे. दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे.

"सूनबाई," एक दिवस ते म्हणाले, "मला नाही सापडत. जन्मात माझी चूक झाली नाही. तू चालतेस, बोलतेस, अन् तुला नाडी नाही."

उजवा हात बघा, असं मी म्हटलं नाही. त्यांनाही सुचलं नाही, सासूबाईंनाही नाही. आम्हां सगळ्यांच्या लेखी बाईची नाडी डाव्या हातातच असायची. उजव्या हातात बाईचं काय असतं? त्या हातानं ती काम करते, बस.

मला पोरीला हात लावू देईनात. माझं दूध तोडलं. सासूबाई तिला वरचं दूध पाजायच्या, कुशीत घेऊन आतल्या खोलीत झोपायच्या अन् मला बाहेरच्या खोलीत सतरंजी. पोरगी झोपायची नाही. रडून रडून तिचा आवाज फाटायचा, मग हुंदके, मग पुन्हा रडणं. सासूबाई तिला या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायच्या, ती कान लावायची, डोकं उचलायची अन् पुन्हा रडायची. माझ्या अन् तिच्यामध्ये एक दार होतं, तेही उघडंच. माझी छाती दुधानं भरून दगड व्हायची, चोळी ओली व्हायची. मी मेले असते तर दूध आलं असतं का, असं मी एकदा सासूबाईंना तोंडावर विचारलं. त्यांनी माझ्या चोळीकडे बघितलं अन् डोळे पुसले, पण पोर दिली नाही. त्या दुष्ट असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या नातीला वाचवून राहिल्या होत्या. माझ्यापासून.

मधूनच त्या मला काहीतरी विचारायच्या. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, सहज विचारल्यासारखं. तुझ्या आईच्या अंगणात झाड कोणतं? लग्नात तुझ्या मामानं काय दिलं? मी सांगायची, सीताफळ, पितळेची समई. त्या माझ्या तोंडाकडे निरखून बघायच्या अन् म्हणायच्या, हे तर सांगशीलच. मग मी चिडायची. अहो, मीच आहे, मी नाही तर कोण आहे? अन् हे ओरडून सांगताना मला माझाच आवाज परका वाटायचा. खरं सांगते, हळूहळू माझी मलाच खात्री वाटेनाशी झाली. पोरीला घेतल्याशिवाय दिवसच्या दिवस जात होते अन् मी भाकऱ्या थापत होते. मी तिची आई असते तर सगळ्यांना ढकलून आत गेले नसते का? डाव्या हाताची दोन बोटं वाकडी होऊन तळहाताकडे वळली होती. आंघोळ करताना मी त्या हातावर पाणी घालायची तेव्हा तो पाहुण्यासारखा वाटायचा. मी मेले तेव्हा उजवीकडून परत आले अन् डावीकडे दुसरंच कोणी येऊन बसलं, असं काहीबाही डोक्यात यायचं.

लढाई थांबली. कागद काही घरांनी काढले, काहींनी ठेवले. नवरात्र आलं अन् मग खंडेनवमी. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, यंत्र चालवायचं नाही. लढाईभर क्षणाची उसंत न मिळालेली सगळी यंत्रं त्या सकाळी धुऊन पुसून उभी केली, झेंडूच्या माळा घातल्या, अन् पूजा बघायला घरच्या लोकांना आत सोडणार होते. सगळी वस्ती नटून निघाली. सासूबाईंनी पोरीला नवं झबलं घातलं, काजळाचा टिळा लावला. मामाजी फेटा बांधून पुढे. मला कोणी चल म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. दारात उभी राहून पोरीची टोपी दिसेनाशी होईपर्यंत बघितलं, मग आत येऊन तांदूळ निवडायला बसले.

सूर्य चांगला वर आला होता. भोंगा वाजला, लांबलचक. अन् फॅक्टरी थांबली. असं मी सासरी आल्यापासून पहिल्यांदाच ऐकत होते, कारण आधीच्या खंडेनवमींना मी सगळ्यांबरोबर आत, ढोलताशांच्या गोंगाटात असायची. या वेळी घर रिकामं, गल्ली रिकामी. कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. चिमण्यांचा आवाज स्वच्छ ऐकू आला. मी सूप खाली ठेवलं.

आवाज चालूच होता.

घूं... घूं... घूं...

आधी वाटलं एखादं यंत्र राहिलं बंद करायचं. मी अंगणात गेले. भिंतीकडे कान केला. भिंत गप्प होती, चिमण्या भिंतीवर बसल्या होत्या. आवाज तेवढाच. मी घरात आले, तेवढाच. मोरीत गेले, दार लावलं, दोन्ही कान हातांनी घट्ट दाबले, अन् आवाज मोठा झाला. जबलपूरला आल्यापासून जो मी फॅक्टरीचा समजत होते त्यात एक आवाज फॅक्टरीचा नव्हता. तो माझ्यात होता. केव्हापासून होता देव जाणे.

माझी पाचावर धारण बसली. वहिनीचं म्हणणं खरं होतं तर. कोणीतरी आत होतं अन् काम करून राहिलं होतं. मी उजव्या हातानं अंग चाचपू लागले, तो कुठं आहे ते शोधायला. छाती, मान, अन् मग डाव्या गळ्याच्या हाडावरची ती खळगी. खळगी नव्हतीच. तिथं लिंबाएवढं मऊ काहीतरी वर आलं होतं, अन् ते उडत होतं. बोटाखाली थरथरत होतं, घूं घूं करत. मी जरा दाबलं, तर बधिर पडलेल्या करंगळीत आग उठली. कितीतरी दिवसांनी त्या बोटाला काही कळलं.

हे आले ते कपाळाला कुंकू, खिशाला झेंडूचं फूल. मागून बाकीचे येत होते. मी त्यांना उंबऱ्यातच धरलं अन् म्हटलं, इथं कान लावा. त्यांनी दिवसाढवळ्या, आईबापांसमोर, माझ्या गळ्यापाशी कान लावला. यंत्रावर आयुष्य काढणारा माणूस. ऐकता ऐकता त्यांचा रंग उडाला. उद्या दवाखाना, एवढंच म्हणाले. मामाजी म्हणाले, मीही येतो.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, मद्रासकडचा, त्याचं हिंदी मोडकं अन् आमचं त्याला समजायचं नाही. त्यानं डावं मनगट धरलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, आता हाही मागं सरकेल म्हणून. तो सरकला नाही. डावं सोडलं अन् सहज, काही विशेष न केल्यासारखं, उजवं धरलं. अन् घड्याळाकडे बघत मोजू लागला. मोजून राहिला होता तो! म्हणजे मोजायला काही होतं! मी हुंदका दिला तसा तो गोंधळला.

मग त्यानं नळी लावून सगळं ऐकलं, मान, खांदे, पोट. पुढं जबलपूरच्या मोठ्या इस्पितळात फोटो काढले, तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी नीट समजावलं. रक्ताच्या मोठ्या नळ्यांना आतून सूज येते, तापही त्याचाच. तरण्या बायांना होतो हा रोग. सुजून सुजून नळी कुठं बंद होते अन् कुठं पातळ पडून फुगते. माझ्या डाव्या हाताकडे जाणारी नळी हाडापाशी फुगली होती, फुग्यासारखी, अन् पुढं बुजली होती. म्हणून मनगटात ठोका नाही. हाताच्या नसा त्या फुग्याखाली चेंगरल्या, म्हणून बोटं बधिर अन् वाकडी. हात वर केले की डोक्याचं रक्त कमी पडायचं, म्हणून मी स्टुलावरून पडले. अन् अरुंद जागेतून रक्त घुसून फुग्यात घुमायचं, त्याचा तो आवाज. इतकं सरळ होतं सगळं.

तरुण डॉक्टरनं त्या पहिल्याच दिवशी विचारलं होतं की हिला मेलेली कोणी ठरवलं. मामाजी उभे राहिले. बाईची डावी नाडी बघतात, म्हणाले. डॉक्टर हसला नाही, हे मी त्याचे उपकार मानते. त्यानं मामाजींची बोटं धरून माझ्या उजव्या मनगटावर ठेवली. मध्ये पदर नव्हता. मामाजींनी डोळे मिटले. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येऊन मिशांत उतरलं, पण त्यांनी बोटं उचलली नाहीत. घरी येईपर्यंत टांग्यातही ते माझं मनगट धरून बसले होते.

घरी येऊन त्यांनी सासूबाईंना सांगितलं, दे तिला तिची पोर. सासूबाई पोरीला घेऊन आतल्या दारात उभ्या. नाडी आहे हे त्यांना पटलं होतं. पण त्यांची भीती नाडीची कधी नव्हतीच. हात जिवंत आहे हो, त्या म्हणाल्या, आत कोण आहे ते डॉक्टर सांगतो का?

मी खाली बसले. पोरगी त्यांच्या हातातून घसरली, रांगत, मग उठून चालत आली. मधल्या दिवसांत ती चालायला शिकली होती अन् मला माहीत नव्हतं. मांडीवर चढली, डाव्या खांद्याला लोंबकळली, हाडावरच्या त्या फुगलेल्या जागेत कान घातला. थांबली. एक लांब सुस्कारा टाकला अन् झोपली. कितीतरी दिवसांची झोप होती ती. तोंड उघडं, लाळ माझ्या चोळीवर.

सासूबाई बघत होत्या. मग जवळ येऊन त्यांनी पोरीच्या पाठीवर हात ठेवला, तोच हात माझ्या डोक्यावर ठेवला. हीच आहे, म्हणाल्या. मग अशा रडल्या की मला त्यांना सांभाळावं लागलं.

गोष्ट इथं संपती तर मीही नर्सांची थट्टा सांगून लिहिणं आटोपलं असतं. पण तो फुगा तसाच ठेवता येणार नव्हता. म्हातारे डॉक्टर म्हणाले, फुटला तर घरच्या घरी खेळ आटोपेल, मुंबईला जाऊन कापून घ्या. मी विचारलं, आवाज राहील का? त्यांना प्रश्नच कळला नाही. आवाज जाणारच, म्हणाले, तेच तर हवं.

मुंबईला नेलं. फुगा बांधून काढून टाकला, सुजेच्या गोळ्या सुरू केल्या. हाताला रक्त बारीकसारीक वाटांनी पुरतं, मनगटात ठोका मात्र कधी परतला नाही. बोटं थोडी सरळ झाली. जखम भरेपर्यंत कितीतरी महिने तिकडंच ठेवून घेतलं. शुद्धीवर आले तेव्हा पहिल्यांदा कळलं, शांतता काय असते ते. मला ती आवडली नाही.

जबलपूरला परतले तेव्हा दिवेलागण झाली होती. आता दिवे लावायला मनाई नव्हती, दार सताड उघडं होतं, सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. पोरगी आई आई करत धावली. आता ती चांगली बोलू लागली होती. मी तिला उचललं, डाव्याच खांद्यावर. तिनं कान लावला.

थांबली. कान जरा खाली सरकवला, पुन्हा लावला. मग डोकं उचलून तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. नीट, निरखून, सासूबाई बघायच्या तसं. माझ्या गालाला बोट लावून बघितलं.

"आई कुठं गेली?" तिनं मला विचारलं.

सासूबाई ओवाळलेलं ताट हातात घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. आमची नजरानजर झाली अन् त्यांच्या डोळ्यांत ते जुनं मी पुन्हा बघितलं, त्या भिंतीला लागून उभ्या होत्या तेव्हाचं. पोरगी माझ्या खांद्यावर ताठ होऊन, अंग चोरून बसली होती.

मी तिचं डोकं हळूच गळ्याशी दाबलं अन् ओठ मिटून, घशातल्या घशात सुरू केलं. घूं... घूं... घूं... मध्येच दम घेत. कसं चालायचं ते मला पाठ होतं. बराच वेळ ती ताठच राहिली. मग कान टेकला, मग अंग सैल पडलं. सासूबाई ताट घेऊन आत गेल्या.

ती लेक आज साठीला आली. माझ्याकडे आली की अजूनही येऊन डाव्या खांद्यावर डोकं ठेवते, का ते तिला माहीत नाही. अन् मी गुणगुणते. आई, हे कुठलं ग गाणं, ती विचारते, मी म्हणते, फॅक्टरीचं. एवढ्या वर्षांत न गुणगुणता तिला जवळ घ्यायची मला एकदाही हिंमत झालेली नाही.